वीट दोघांची, नाव एकाचं

आज मी बोलणार आहे ते विटेबद्दल. आपण तिला रोज पाहतो. भिंतीत असते, उंबऱ्याखाली असते, तुळशीच्या कट्ट्यात असते, कधी कधी चूल मांडायला तीन विटा लागतात. पण ती कुठून आली, कुणी घडवली आणि ती घडवण्याची मजुरी कुणाच्या नावावर लिहिली गेली, हे आपण फारसं विचारत नाही. आज ते विचारूया.

आधी आपल्या गावाकडे पाहू. इंद्रायणी लोणावळ्याच्या डोंगरातून निघते, मावळातून वाहत देहूला येते, तिथून मोशी, मग आळंदी, आणि आळंदीनंतर आपली चऱ्होली. पुढे तुळापूरला ती भीमेला मिळते. चऱ्होल्या दोन आहेत, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पण बाहेरून सून म्हणून आलेल्या, नोकरीसाठी नव्या सोसायटीत राहायला आलेल्या मैत्रिणींसाठी सांगते. नदीच्या दक्षिणेला चऱ्होली बुद्रुक, उत्तरेला चऱ्होली खुर्द. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं. फारसी शब्द आहेत, मराठीत मुरले. थोरली चऱ्होली हवेली तालुक्यात, 1997 पासून पिंपरी-चिंचवड महापालिकेत. धाकटी खेड तालुक्यात, तिथे ग्रामपंचायत. मधे फक्त नदी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे. कारण अल्याडच्या भट्टीवरच्या बाईला महापालिकेच्या शाळेत जायचं असतं आणि पल्याडच्या बाईला जिल्हा परिषदेच्या.

नदीकाठाला आणि विटेला एकमेकींची सोबत जुनी आहे. विटेला तीन गोष्टी लागतात: माती, पाणी आणि सपाट उघडी जागा. पुराच्या पाण्यानं वर्षानुवर्षं आणून टाकलेला पोयटा काठावर असतो. तो मऊ असतो, त्यात खडे कमी असतात, साच्यात नीट बसतो. म्हणून मोशीपासून आळंदी-चऱ्होलीपर्यंत काठाकाठानं भट्ट्या उभ्या राहिल्या. शेताचा एखादा तुकडा भट्टीवाल्याला भाड्यानं द्यायचा, भाडं घ्यायचं, मुलामुलीचं लग्न किंवा घराचं काम काढायचं, हे कित्येक शेतकरी घरांनी केलं आहे.

आणि गिऱ्हाईक तर दारातच होतं. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना 1954 साली आला. 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली आणि त्यानंतर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरीला कारखान्यांची रांग लागली. 1982 साली महापालिका झाली. पुढे चाकण वाढलं. कारखाना आला की कामगार येतो, कामगार आला की त्याला खोली लागते, खोलीला भिंत लागते आणि भिंतीला वीट. चाळी, बैठी घरं, कामगार वसाहती, शाळा, दवाखाने हे सगळं विटेवर उभं राहिलं, आणि त्या विटा आपल्या आसपासच्याच नदीकाठांनी पुरवल्या. उद्योगनगरीचं नाव घेताना आपण मोटारी आणि यंत्रं आठवतो. या धंद्याचं नाव त्या यादीत कधी येत नाही.

आता हा धंदा चालतो कसा, ते नीट समजून घेऊ. हंगाम दसरा-दिवाळीनंतर सुरू होतो आणि पाऊस येईपर्यंत चालतो. म्हणजे साधारण सहा-सात महिने. मजूर कुटुंबं बहुतेक बाहेरची. कुणी मराठवाड्यातलं, कुणी विदर्भातलं, कुणी कर्नाटकातलं, आणखी दुरूनही येतात. गावात कोरडवाहू शेत असतं किंवा तेही नसतं. पावसाळ्यात पैशाची गरज पडते, तेव्हा मुकादम किंवा मालक आगाऊ रक्कम देतो. तिला म्हणतात उचल. उचल घेतली की हंगामभर त्या भट्टीवर काम करून ती फेडायची.

काम पहाटे सुरू होतं, कारण उन्हात चिखल लवकर आवळतो आणि माणूसही. आदल्या दिवशी माती भिजत घातलेली असते. तिच्यात राख मिसळतात, कुठे भाताचं तूस, कुठे उसाचं चिपाड. त्यानं वीट हलकी होते आणि आतूनही भाजली जाते. मग पायांनी तुडवून गारा तयार करायचा. कणीक मळताना जसं पाणी कमी-जास्त झालेलं हाताला कळतं, तसंच इथे तळपायाला कळतं. गाऱ्याचा गोळा उचलायचा, साच्यात दाबून भरायचा, वरून हात फिरवून सारखा करायचा, साचा उचलून घ्यायचा. पुन्हा गोळा, पुन्हा साचा. हे सगळं उकिडवं बसून. याला विटा पाडणं म्हणतात. पाडलेल्या विटा एक-दोन दिवसांनी कडेवर उभ्या करायच्या, मग त्यांच्या रांगा रचायच्या, पूर्ण वाळू द्यायच्या. वाळल्या की भट्टीवर वाहून न्यायच्या. भट्टी रचायची: कोळशाचा थर, विटांचे थर, पुन्हा कोळसा. बाहेरून चिखलानं लिंपायचं आणि पेटवायची. भट्टी आत धुमसत राहते, दोन-तीन आठवडेही. मग थंड झाल्यावर फोडायची, चांगली वीट वेगळी, कच्ची वेगळी, जास्त भाजून वितळलेली खंगर वेगळी, आणि ट्रक भरून द्यायचा. मधेच अवकाळी पाऊस आला तर वाळत घातलेल्या कच्च्या विटांचा पुन्हा चिखल होतो. ते नुकसान कुणी सोसायचं यावरून भांडणं होतात, आणि बहुतेक वेळा ते मजुराच्या हजारीतून जातं. हजारी म्हणजे हजार विटांमागचा दर.

आता थोडं गणित करू. घरखर्चाचं गणित करतो तसंच, सोपं आहे. आपल्याकडची वीट साधारण नऊ इंच लांब, चार इंच रुंद, तीन इंच उंच. भाजलेली वीट वजनाला तीन किलोच्या आसपास, ओली असताना आणखी जड. नवरा-बायको आणि घरातलं आणखी एखादं माणूस मिळून दिवसाला हजारभर विटा पाडतात. हजार विटा म्हणजे तीन टन वजन. बाई डोक्यावर दहा विटा घेते असं धरलं, तर एका खेपेला 30 किलो. हजार विटा हलवायच्या तर शंभर खेपा. आणि प्रत्येक वीट एकदाच हलत नाही. साच्यातून जमिनीवर, जमिनीवरून रांगेत, रांगेतून भट्टीत, भट्टीतून ट्रकमध्ये. दहा फूट बाय दहा फुटांची चार इंची भिंत बांधायला साधारण साडेचारशे विटा लागतात. तुमच्या खोलीच्या एका भिंतीत एखाद्या जोडप्याची जवळपास अर्ध्या दिवसाची मेहनत बसलेली असते.

आणि हे झालं फक्त विटेचं काम. त्याआधी तिनं पहाटे उठून भाकरी थापलेल्या असतात, पाणी आणलेलं असतं, लेकरू पाजलेलं असतं. दुपारी स्वयंपाक, संध्याकाळी धुणं, भांडी. राहायची जागा म्हणजे विटाच एकमेकींवर रचून केलेली खोपी, वर पत्रा किंवा ताडपत्री. आत उभं राहता येत नाही. बहुतेक ठिकाणी संडास नाही. पाणी जवळ आहे म्हणावं तर नदी जवळ आहे. पण आळंदीत इंद्रायणीवर तरंगणारा फेस आपण सगळ्यांनी पाहिलाय, आणि तेच पाणी पुढे आपल्याकडे येतं. ते प्यायचं नाही, हे भट्टीवरच्या बाईला कुणी सांगायला नको. पण मग प्यायचं कुठलं?

मैत्रिणींनो, आता मला जे मुख्य सांगायचं आहे त्याकडे येते. भट्टीच्या हिशेबात माणूस मोजला जात नाही, जोडी मोजली जाते. उचल जोडीला, हजारी जोडीला, आठवड्याच्या बाजाराची खर्ची जोडीला. पण पैसे हातात कुणाच्या पडतात? पुरुषाच्या. वहीत नाव कुणाचं? पुरुषाचं. गारा तुडवणारे पाय दोघांचे, विटा वाहणारं डोकं बहुतेक तिचं, आणि कागदावर ती नाहीच. वर्षानुवर्षं काम केलेल्या बाईकडे तिनं एक दिवस तरी काम केल्याचा पुरावा नसतो.

याचा तोटा कुठे कुठे होतो बघा. नवऱ्यानं खर्ची दारूत घातली तर तिला मालकाकडे स्वतःची म्हणून मागता येत नाही. नवरा मधेच निघून गेला किंवा आजारी पडला, तर उचल मात्र तिच्या डोक्यावर राहते. म्हणजे कमाईत ती नव्हती, पण कर्जात आहे. विधवा बाईला, टाकलेल्या बाईला तर भट्टीवर कामच मिळत नाही, कारण तिची जोडी होत नाही. मग ती भावाच्या, दिराच्या नाहीतर बारा-चौदा वर्षांच्या मुलाच्या सोबतीनं उभी राहते. मुलाची शाळा तिथेच संपते. अपघात झाला, भट्टीचा ढीग अंगावर आला, बाळंतपणात काही झालं, तर ती इथे कामाला होती हे सिद्ध करायला काही नसतं.

आपल्या गावावरून दर वर्षी माउलींची पालखी जाते. वडमुखवाडीला थोरल्या पादुकांपाशी थांबते. त्या दिवसांत भट्ट्या बंद झालेल्या असतात, मजूर आपापल्या गावी परतलेले असतात. वारीतले लाखो पाय ज्याच्या ओढीनं चालतात, तो विठोबा विटेवर उभा आहे. पुंडलिकानं वीट पुढे केली, ही गोष्ट आपल्याला आजीनं सांगितली. आळंदीची दुसरी गोष्टही आपल्याला पाठ आहे: मुक्ताईला मांडे भाजायला खापर हवं होतं, ती कुंभारवाड्यात गेली, आणि विसोबानं तिला खापर मिळू दिलं नाही. मग ज्ञानोबांनी आपली पाठ तापवली. आणि गोरोबाकाका, तेरचे कुंभार. संतांच्या मेळाव्यात मडकं तपासायचं थापटणं हातात घेऊन कोण कच्चं आणि कोण पक्कं हे सांगायचा मान मिळाला तो त्यांना, माती ओळखणाऱ्या माणसाला. आपल्या परंपरेनं मातीकामाला एवढं जवळ केलंय. वीट पाडणाऱ्या बाईला वहीत एक ओळ द्यायला आपल्याला जड का जावं?

हे फक्त आपल्याच नदीकाठी झालं असं मात्र नाही. दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये लंडन शहर असंच वाढत होतं. त्याच्या पूर्वेला केंट परगण्यात खाडीकाठची खेडी होती, तिथे विटांचा मोठा धंदा होता. शिडाच्या सपाट बोटींतून विटा लंडनला जात, आणि येताना त्याच बोटी लंडनच्या घरांतली चुलीची राख घेऊन येत, मातीत मिसळायला. शहर विटा घेत होतं आणि राख परत देत होतं. आपल्याकडे ट्रक आहेत एवढाच फरक. तिथेही बायका आणि मुलं चिखल वाहायची. जॉर्ज स्मिथ नावाचा एक माणूस स्वतः लहानपणी वीटभट्टीवर राबलेला होता. मोठेपणी त्यानं या मुलांसाठी झगडा मांडला. नऊ वर्षांच्या एका मुलाच्या डोक्यावरचा ओल्या मातीचा गोळा त्यानं तोलला, तर तो जवळजवळ 20 किलोचा भरला. हे त्यानं लोकांपुढे मांडलं. 1871 साली तिथे कायदा झाला: दहा वर्षांखालचे मुलगे आणि सोळा वर्षांखालच्या मुली वीटभट्टीच्या कामावर ठेवायच्या नाहीत. लोकांना दया येत नव्हती असं नाही. पण दया येऊन काही बदललं नव्हतं; वजन मोजून दाखवल्यावर बदललं. म्हणून मी मघाशी तुम्हाला खेपा मोजून दाखवल्या.

मुलांचा विषय निघालाच आहे. आपल्याकडे ठाणे-वसईच्या पट्ट्यात 1990च्या दशकात विधायक संसद या संस्थेनं वीटभट्टीवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा सुरू केल्या, भट्टीच्याच आवारात भरणाऱ्या. पुण्यात डोअर स्टेप स्कूलनं बांधकामांवरच्या मजुरांच्या मुलांसाठी दारात शाळा नेली. आज कायदा आपल्या बाजूला आहे. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या कोणत्याही मुलाला वर्षाच्या मधेही शाळेत घ्यावंच लागतं. जन्माचा दाखला नाही, शाळा सोडल्याचा दाखला नाही, म्हणून परत पाठवता येत नाही. वयाप्रमाणे वर्गात बसवायचं असतं. गावाकडच्या शाळेतून निघताना शिक्षण हमी कार्ड मागून घ्यायचं, म्हणजे इथल्या शाळेला मूल कुठवर शिकलंय ते कळतं. भट्टीवरून हे ऐकणाऱ्या ताईंनो, अल्याड असाल तर महापालिकेची शाळा, पल्याड असाल तर जिल्हा परिषदेची. मुलाला घेऊन सरळ जा.

आता मातीचं. हा भाग भट्टीवाल्यांपेक्षा आपल्या शेतकरी घरांसाठी आहे. एक ब्रास माती म्हणजे शंभर घनफूट. त्यात साधारण सोळाशे विटांची माती असते. एक जोडपं हंगामात दीडशे दिवस काम करतं असं धरलं, तर दीड लाख विटा होतात, म्हणजे नव्वद-शंभर ब्रास माती. राख-तूस मिसळल्यानं थोडी कमी. एक एकराची एक फूट माती म्हणजे 435 ब्रास. म्हणजे चार-पाच जोडप्यांचा एक हंगाम हा एका एकराची फूटभर माती घेऊन जातो. ती माती नदीनं शेकडो वर्षांत आणून घातलेली असते. भाडं एका वर्षात संपतं. त्यानंतर उरतो खड्डा. मग त्यात शहरातला राडारोडा येऊन पडतो, आणि पूर आला की पाणी शेजारच्याच्या शेतात घुसतं.

सरकारलाही हे दिसलेलं आहे. सप्टेंबर 1999 मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं औष्णिक वीज केंद्रांच्या आसपासच्या भट्ट्यांनी विटेत राख वापरावी असा नियम काढला, त्यामागे शेतीची वरची माती वाचवणं हा एक हेतू होता. पारंपरिक कुंभारांना मातीवरचं स्वामित्वधन काही मर्यादेपर्यंत माफ आहे. बाकीच्यांना माती उचलायची तर परवाना आणि रक्कम दोन्ही लागतात. पण परवाना असला म्हणून शेत परत भरून येत नाही. म्हणून जमीन भाड्यानं देणाऱ्या घरातल्या बायकांना माझं सांगणं आहे: करार तुम्हीही वाचा. सातबाऱ्यावर तुमचं नाव असेल तर सहीपूर्वी विचारा. किती फूट खोदणार? वरची सुपीक माती आधी बाजूला काढून ठेवून शेवटी परत पसरणार का? संडास आणि पाण्याची टाकी कोण देणार? धुराबद्दलही विचारा. भट्टीत कोळशाऐवजी चिंध्या, रबर, प्लास्टिक जाळलं, तर तो धूर आपल्याच छातीत जातो, आणि भट्टीशेजारी झोपणाऱ्या लेकराच्या आधी. थंडीत उबेसाठी भट्टीवर किंवा तिच्या अगदी जवळ झोपणं तर जिवावर बेतू शकतं. छत्तीसगडमध्ये महासमुंद जिल्ह्यात मार्च 2023 मध्ये भट्टीवर झोपलेले पाच मजूर धुरानं गुदमरून गेले.

तुमच्यापैकी काही जणी म्हणतील, ताई, आता भट्ट्या राहिल्यात किती? खरं आहे. दिवस बदललेत. चऱ्होलीत महापालिकेनं प्रधानमंत्री आवास योजनेतून 1,442 घरांचा प्रकल्प घेतला, आजूबाजूला खासगी इमारती चढतायत. उंच इमारतींत आता बऱ्याच ठिकाणी भिंतीसुद्धा काँक्रीटच्या ओततात, नाहीतर राखेपासून केलेले पांढरट हलके ब्लॉक लावतात. असा दोन फूट लांब, आठ इंच उंच, चार इंच जाड ब्लॉक सात विटांची जागा घेतो. जागेची किंमत एवढी झाली की भट्टीपेक्षा प्लॉटिंग परवडतं. भट्ट्या इथून सरकत सरकत लांब जातील आणि काही वर्षांनी आपल्या काठावर त्यांची खूणही राहणार नाही. माती वाचेल, धूर कमी होईल, ते चांगलंच. पण त्याचबरोबर एक गोष्ट होईल. ज्या बायकांनी आयुष्यभर हे काम केलं, त्या रिकाम्या हातानं निघून जातील. कंपनी बंद झाली तर कामगाराला देणी मागता येतात, कारण त्याचं नाव हजेरीपटावर असतं. भट्टी बंद झाली तर ही बाई काय दाखवणार? म्हणूनच हे नावाचं काम आत्ताच व्हायला हवं.

काय करता येईल? फार मोठं काही नाही, पण करायला हवं असं सांगते.

भट्टीवरच्या बहिणींनो, पहिली गोष्ट म्हणजे मोजणीची तुमची स्वतःची वही. रोज किती विटा पाडल्या, किती वाहिल्या, खर्ची किती मिळाली, उचल किती होती, हे तारखेनिशी लिहा. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या, तेवढाच तिचा अभ्यास. मालकाच्या वहीच्या पानाचा फोटो मोबाईलवर काढून ठेवा. दुसरी गोष्ट, तुमच्या एकटीच्या नावाचं बँक खातं, आणि हंगामाच्या सुरुवातीलाच बोलणी: जोडीचा हिशेब झाला तरी अर्धे पैसे माझ्या खात्यात. एकटी बाई बोलली तर चेष्टा होते. चार खोप्यांतल्या चौघी मिळून बोलल्या तर मुकादमाला ऐकावं लागतं. तिसरी गोष्ट, उचल फिटेपर्यंत जाऊच देणार नाही, असं कुणी अडवून धरलं तर तो गुन्हा आहे. 1976च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानं असं कर्ज माणसाला बांधून ठेवू शकत नाही. तहसीलदाराकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते.

रेशनकार्ड गावी ठेवून येऊ नका. एक देश एक रेशनकार्ड योजनेत आधार जोडलेलं असेल तर इथल्या दुकानातही अंगठा लावून धान्य मिळतं. गरोदर असाल, पदरात लहान मूल असेल तर जवळच्या अंगणवाडीत नाव नोंदवा. बाहेरगावची म्हणून तुम्हाला नाकारता येत नाही. असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी 2021 पासून सुरू आहे, ती तुमच्या स्वतःच्या नावानं करा, नवऱ्याच्या नाही. तो कागद म्हणजे तुम्ही कामगार आहात याचा पहिला पुरावा. अडचणीतल्या मुलासाठी 1098 आणि रुग्णवाहिकेसाठी 108 हे दोन नंबर खोपीच्या पत्र्यावर खडूनं लिहून ठेवा.

गावातल्या मैत्रिणींनो, ज्यांच्या घरची भट्टी आहे त्यांना मी मालकीणबाई म्हणून हाक मारते. हिशेबाची वही बहुतेक तुमच्याच कपाटात असते, आणि खूपदा ती तुम्हीच लिहिता. यंदाच्या दसऱ्याला नवी वही घालाल, तेव्हा जोडीच्या ओळीत दोन नावं लिहा. तिचं नाव आणि त्याचं नाव. याला खर्च शून्य आहे. खर्ची देताना दोघांना समोर बोलवा. एकट्या बाईला काम नाकारू नका. विटा मोजून हजारी द्या, मग जोडीची गरज काय? दोन संडास, पिण्याच्या पाण्याची एक टाकी आणि बाळाला झोपवायला एक सावलीची शेड, यानं भट्टीचा नफा बुडत नाही.

बचत गटातल्या बायकांनो, भट्टीवरच्या बायकांनाही बैठकीला बोलवा. सहा महिने तर सहा महिने. आणि सोसायट्यांमध्ये राहणाऱ्या मैत्रिणींनो, तुमच्याकडे फोन आहे, वेळ आहे, कचेरीत बोलायची सवय आहे. शाळेत नाव घालायला, अंगणवाडीत नोंद करायला, बँकेत खातं उघडायला एका बाईबरोबर एकदा जा. एका हंगामात एकीनं एक काम केलं तरी पुष्कळ होईल.

घर पाहावं बांधून, असं आपण म्हणतो, तेव्हा बांधणाऱ्याच्या डोक्यातले ताप आठवतात: सिमेंटचे भाव, गवंड्याची वाट, कर्जाचे हप्ते. त्या यादीत एका बाईचं नाव आपण जोडूया. तिचं नाव आपल्याला माहीत नाही, कारण ते कुठे लिहिलेलंच नाही. या दसऱ्यापासून लिहायला सुरुवात करा, आणि लिहिलंत की आम्हाला केंद्रावर येऊन सांगा. किती वह्यांमध्ये दोन नावं झाली, त्याचा आकडा पुढच्या हंगामात मी तुम्हाला इथूनच सांगेन.